सोळा बाइटांसाठी अडलेलं बूट: लिनक्स ५.३ आणि गेटरँडमचं प्रकरण

सप्टेंबर २०१९. लिनक्स कर्नलची, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याची, ५.३ ही आवृत्ती बाहेर पडायला पाच दिवस उरले होते. १० तारखेला अहमद दरविश या डेव्हलपरनं कळवलं की त्याचा थिंकपॅड लॅपटॉप नव्या कर्नलवर लॉगिनच्या पडद्यापर्यंत पोचतच नाही. कर्नल कोसळलेला नाही, चुकीचा संदेश नाही, डिस्क शांत, प्रोसेसर रिकामा. मशीन नुसतं थांबलेलं. जुन्या आणि नव्या कर्नलमधले बदल निम्म्यानिम्म्यानं तपासत तो मागे गेला, तेव्हा बोट पडलं ते ईएक्सटी४ फाईलसिस्टीममधल्या एका लहानशा बदलावर.

तो बदल चांगला होता. ईएक्सटी४ एखादा आयनोड, म्हणजे फाईलची नोंद, वाचायला जाते तेव्हा त्याच्या शेजारचे ब्लॉकही आगाऊ वाचून ठेवते, डीफॉल्टनं ३२ पर्यंत. पूर्वी या विनंत्या सुट्या सुट्या डिस्ककडे जात. नव्या बदलानं त्या क्षणभर रोखून एकत्र बांधल्या आणि मोठी विनंती म्हणून पाठवल्या. डिस्कच्या फेऱ्या वाचल्या, वाचन लवकर झालं. पण फेऱ्या कमी म्हणजे ‘काम झालं’ असं सांगणारे इंटरप्टही कमी. आणि त्या काळचा लिनक्स बूट होताना रँडम संख्यांसाठी लागणारी अनिश्चितता गोळा करायचा ती मुख्यतः इंटरप्टांच्या वेळांमधूनच. डिस्कचा वेग वाढला आणि रँडम संख्यांचा साठा उपाशी राहिला.

या एका घटनेत रँडम संख्यांच्या बाबतीतली वेग आणि अचूकपणा यांची सगळी ओढाताण दिसते, म्हणून ती नीट उलगडून पाहण्यासारखी आहे.

साठा कसा भरत होता

रँडम संख्यांच्या वेगाचा विषय निघाला की लोक दर सेकंदाला किती मेगाबाइट निघतात ते मोजतात. तो प्रश्न कधीच सुटला आहे. २०१६ मध्ये आलेल्या ४.८ पासून लिनक्स चाचा२० हा सायफर (गुप्तलेखनाची पद्धत) वापरतो, आणि त्याला एकदा खरी गुप्त किल्ली मिळाली की तिच्यातून लागतील तेवढे बाइट निघतात. कुणाला त्यांचा अंदाज बांधता येत नाही. दह्याचं जसं असतं तसं: चमचाभर विरजण चांगलं असेल तर पातेलंभर दूध विरजतं. खरा पेच त्या पहिल्या चमच्याचा.

५.३ मधला हिशेब असा होता. प्रत्येक कोअरपाशी एक छोटा साठा असे. इंटरप्ट आला की त्या क्षणीचा सायकल काउंटर (प्रोसेसरच्या घड्याळाची मोजणी), इंटरप्टचा क्रमांक आणि त्या वेळी चालू असलेल्या सूचनेचा पत्ता, हे सगळं त्यात घुसळलं जाई. ६४ इंटरप्ट झाले किंवा एक सेकंद उलटला की हा छोटा साठा मुख्य साठ्यात ओतायचा आणि जमेला एक बिट धरायचा. प्रोसेसरकडे आरडीसीड ही रँडम बिट देणारी सूचना असेल तर आणखी एक. जमेला १२८ बिट झाले की जनरेटर तयार, आणि कर्नलच्या नोंदींत ‘सीआरएनजी इनिट डन’ ही ओळ उमटते.

आता आकडे मांडून पाहा. एकेक बिटानं १२८ गाठायचे तर ६४ गुणिले १२८, म्हणजे ८१९२ इंटरप्ट हवेत. मशीन गजबजलेलं असेल तर काही सेकंदांत होतात. मशीन शांत असेल तर दर कोअरला सेकंदाला जेमतेम एक बिट, आणि तोही पुढचा इंटरप्ट आला तरच. लोकल टायमरचे ठोके यात मोजले जात नाहीत, कारण ते वेगळ्या वाटेनं हाताळले जातात. कीबोर्ड, माउस आणि फिरत्या डिस्कच्या वेळांना जादा जमा मिळते. एसएसडीच्या वेळा मात्र बहुधा जमेला धरतच नाहीत, कारण त्यांच्यात यांत्रिक डगमग नसते.

६४ इंटरप्टांना एकच बिट ही कंजुषी वाटेल, पण ती जाणूनबुजून केलेली आहे. इंटरप्टांच्या वेळा किती अनिश्चित आहेत हे कर्नलला मोजता येत नाही, फक्त अंदाज करता येतो. व्हर्च्युअल मशीनवर किंवा साध्या राउटरवर त्या बऱ्याच ठरीव असू शकतात. अंदाज जास्त धरला तर किल्ली कच्ची राहते आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. कमी धरला तर बूट लांबतं आणि लगेच ओरड होते. दुसरी चूक निदान दिसते तरी.

कोण थांबलं होतं, आणि कशासाठी

दरविशच्या मशीनवर ग्नोमचं सत्र सुरू होताना एक कुकी बनत होती. त्याच मशीनवरच्या प्रोसेसनी एकमेकांना ओळख पटवायची ती कुकी, लांबी १६ बाइट. तिच्यासाठी गेटरँडम हा कर्नलकडून रँडम बाइट मागणारा सिस्टीम कॉल कोणताही फ्लॅग न देता वापरला जात होता.

गेटरँडम लिनक्समध्ये आलं ऑक्टोबर २०१४ मध्ये, ३.१७ या आवृत्तीत. त्याआधी दोन फायली होत्या. /डेव्ह/रँडम वाटेल तेव्हा अडायची, साठा भरून झाल्यानंतरसुद्धा. /डेव्ह/यूरँडम कधीच अडायची नाही, साठा अजून रिकामा असतानासुद्धा. गेटरँडमनं बरोबर मधली जागा घेतली: पहिल्यांदा साठा तयार होईपर्यंत थांबायचं आणि नंतर कधीच नाही. ही रचना योग्यच आहे. शिवाय फाईल उघडायला जागा उरली नाही, किंवा क्रूटमध्ये (प्रोग्रॅमला एका फोल्डरात कोंडल्यावर) /डेव्ह दिसतच नाही, ही दुखणीही गेली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना सगळे जाणकार एकच सांगत: गेटरँडम वापरा, फ्लॅग शून्य ठेवा. ग्नोमच्या खालच्या लायब्रऱ्या तेच करत होत्या.

झालं असं की सत्र कुकीसाठी थांबलं. बाकी सगळं सत्रासाठी थांबलं. काहीच चालत नसल्यानं डिस्क वाचली जात नव्हती, म्हणून इंटरप्ट येत नव्हते, म्हणून साठा भरत नव्हता, म्हणून सत्र थांबूनच राहिलं. याला उशीर म्हणणं चुकीचं ठरेल. ही कोंडी होती. कीबोर्डवर चार कळा दाबल्या तर ती सुटू शकते, पण कपाटातल्या सर्व्हरला कीबोर्ड नसतो.

कडकपणा मात्र ईएक्सटी४ नं आणलेला नव्हता. एप्रिल २०१८ मध्ये गूगल प्रोजेक्ट झीरोच्या यान हॉर्न यांनी दाखवलं होतं की कर्नल ‘तयार आहे’ असं फार लवकर म्हणतो. पहिल्या घाईच्या टप्प्यात बिटांचा खरा हिशेबच होत नाही, तरी गेटरँडम सुटत होतं. ही त्रुटी सीव्हीई-२०१८-११०८ म्हणून नोंदली गेली आणि ४.१७ च्या तयारीत दुरुस्त झाली. गेटरँडम आपल्या शब्दाला जागू लागलं ते तेव्हापासून. त्याच दिवसांपासून ठिकठिकाणी बूट रेंगाळायला लागलं. जुलै २०१९ मध्ये आलेल्या डेबियन १० च्या प्रकाशन टिपणांतही सेवा उशिरा सुरू होतील असा इशारा होता. म्हणजे २०१८ च्या दुरुस्तीनं दोरी ताणली होती. ईएक्सटी४ च्या बदलानं शेवटची ओढ दिली इतकंच.

मग थांबण्याचा हा हट्ट सोडून का द्यायचा नाही? उत्तर २०१२ च्या एका मोठ्या तपासणीत आहे. नाडिया हेनिंगर आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटवरच्या टीएलएस (सुरक्षित वेब-जोडणी) आणि एसएसएच (दूरच्या मशीनवर लॉगिन) किल्ल्या गोळा करून एकमेकींशी ताडून पाहिल्या. पुरेशी एन्ट्रॉपी (अनिश्चितता) नसताना बनवल्यामुळे ०.७५ टक्के टीएलएस प्रमाणपत्रांच्या किल्ल्या इतरांशी सामायिक निघाल्या. ०.५० टक्के टीएलएस यजमानांच्या आरएसए खाजगी किल्ल्या तर सरळ गणितानं काढता आल्या. गणित शाळेतलंच आहे. आरएसएची सार्वजनिक संख्या म्हणजे दोन मूळ संख्यांचा गुणाकार. दोन राउटरांनी पहिल्या बूटला कच्च्या साठ्यातून किल्ली बनवली आणि पहिली मूळ संख्या सारखी, दुसरी वेगळी निघाली, तर दोन्ही सार्वजनिक संख्यांचा मसावि काढायचा. सामायिक मूळ संख्या हातात येते आणि दोन्ही किल्ल्या फुटतात. संगणकाला हे पापणी लवायच्या आत जमतं. त्या किल्ल्या बनवणारे बहुतेक राउटर आणि फायरवॉल होते, पहिल्याच मिनिटाला आपली ओळख कायमची ठरवून बसणारे.

ग्नोमच्या १६ बाइटांची कुकी आणि राउटरची आयुष्यभराची किल्ली, दोन्ही एकाच दारातून एकाच शब्दांत मागितल्या जात होत्या. कोणाला थांबवायचं आणि कोणाला सोडायचं हे कर्नलला कळण्याचा मार्ग नव्हता. माझ्या मते या प्रकरणाचं मूळ इथे आहे.

टेबलावरचे पर्याय

पहिला मार्ग तात्पुरता होता आणि तो लगेच घेतला गेला. १५ सप्टेंबरला, ५.३ प्रसिद्ध करण्याच्या दिवशी, लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांनी ईएक्सटी४ चा बदल मागे घेतला. त्या बदलात दोष नाही, तो पुढे परत येईल, हे त्यांनी स्पष्ट केलं होतं. पण काल चालणारं मशीन आज चालत नसेल तर कर्नल चुकला, हा नियम त्यांनी पाळला. एक निर्दोष सुधारणा बाहेर गेली आणि दुखणं जागेवर राहिलं.

दुसरा पर्याय: काही सेकंद वाट पाहायची, मग इशारा छापून जे असेल ते देऊन टाकायचं. बूट अडत नाही, म्हणून हा मोह मोठा होता. पण एसएसएचची किल्ली बनवणाऱ्या प्रोग्रॅमला आपल्याला कच्चा माल मिळाला हे कळणारच नाही. इशारा कर्नलच्या नोंदींत पडून राहील आणि किल्ली वर्षानुवर्षं वापरात. गेटरँडमचं एकमेव वचन मोडणारा हा पर्याय होता. तो टिकला नाही हे चांगलं झालं.

तिसरा: प्रोसेसरवर विश्वास. इंटेलनं २०१२ मध्ये आयव्ही ब्रिज प्रोसेसरपासून आरडीरँड ही रँडम संख्या देणारी सूचना दिली होती आणि ४.१९ पासून लिनक्समध्ये तिच्या बिटांना पूर्ण जमा द्यायची सोयही होती. पण २०१९ चाच उन्हाळा पाहा. एएमडीचे रायझेन ३००० प्रोसेसर जुलैत बाजारात आले तेव्हा त्यांच्यावर आरडीरँड दर वेळी सगळे बिट एक असलेली संख्या परत देत होतं, आणि वर ‘यशस्वी’ असंही सांगत होतं. सिस्टमडी (बूट होताना सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) त्यावर अवलंबून असल्यानं कित्येक मशीन बूटच होईनात. बायोसच्या सुधारणेनं ते निस्तरलं. जगातल्या असंख्य छोट्या आर्म आणि मिप्स उपकरणांवर तर अशी सूचनाच नसते.

चौथा पर्याय सर्वांत साधा वाटतो: कालचं विरजण जपून ठेवायचं. मशीन बंद होताना काही रँडम बाइट एका बीज-फाईलमध्ये लिहायचे, पुढच्या बूटला परत घालायचे. सिस्टमडी हे करतच होतं. पण ते बाइट साठ्यात मिसळले जात आणि जमेला मात्र शून्य धरले जाई. कारण क्लाउडवरच्या तयार इमेज. एका इमेजपासून हजार मशीन उभी केली तर हजारांच्या पोटात तीच बीज-फाईल असते. तिला १२८ बिटांची जमा दिली तर हजार मशीन एकसारख्या किल्ल्या बनवून मोकळी होतील. शिवाय ही फाईल वाचली जाते डिस्क जोडल्यावर, आणि मागणारे त्याआधीच रांगेत उभे असू शकतात.

थांबलेल्यालाच कामाला लावलं

सप्टेंबरच्या अखेरीस ५.४ साठी टोरव्हाल्ड्स यांनी जो बदल घातला तो आकारानं लहान आहे. आधी गेटरँडम मागणारी प्रोसेस नुसती झोपायची. आता तिला झोपू द्यायच्या ऐवजी कर्नल तिच्याकडूनच अनिश्चितता बनवून घेतो.

क्रम असा. प्रथम सायकल काउंटर लागोपाठ दोनदा वाचायचा. दोन्ही वेळा तोच आकडा आला तर काउंटर नाही किंवा फार मंद आहे, म्हणून हा नाद सोडून जुन्या पद्धतीनं थांबायचं. आकडा बदलला तर पुढच्या ठोक्याला वाजणारा एक टायमर लावायचा. मग गोल फिरायचं: काउंटरचा आकडा साठ्यात घुसळायचा, शेड्यूलरला ‘दुसऱ्या कुणाला पाळी द्यायची का’ विचारायचं, परत आल्यावर काउंटर पुन्हा वाचायचा. टायमर वाजला की जमेला एक बिट. साठा तयार होईपर्यंत हे चालू.

अनिश्चितता येते ती टायमरचा इंटरप्ट या फेऱ्यांच्या नेमक्या कुठल्या टप्प्यावर पडतो यातून. कॅशमध्ये काय आहे, शाखांचा अंदाज चुकला का, मेमरीच्या घड्याळाशी प्रोसेसरचं घड्याळ कसं जुळलं, या सगळ्याची बेरीज काउंटरच्या खालच्या बिटांत उतरते. एका ठोक्यात शेकडो-हजारो फेऱ्या होतात आणि जमा होतो फक्त एक बिट. कंजुषी कायम ठेवली, फक्त वाट पाहण्याची मुदत बांधली.

मुदत किती, ते सरळ निघतं. १२८ बिट, दर ठोक्याला एक. कर्नलचा ठोका सेकंदाला १००० असेल तर ०.१३ सेकंद, २५० असेल तर सुमारे अर्धा सेकंद, १०० असेल तर १.२८ सेकंद. पुढे हा उंबरठा २५६ बिटांवर गेला, म्हणजे हे आकडे दुप्पट धरा. कधीच न सुटणारी कोंडी दोन-तीन सेकंदांच्या आत आली, आणि मागणाऱ्या प्रोग्रॅमची एक ओळही बदलावी लागली नाही. त्याच ५.४ मध्ये ईएक्सटी४ चा बदलही परत आला.

या उपायाला मर्यादा आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. साध्या, एकामागून एक सूचना चालवणाऱ्या प्रोसेसरवर या डगमगीत खरोखर किती अनिश्चितता आहे हे सिद्ध करणं कठीण आहे. नंतरच्या आवृत्त्यांत म्हणून ८१९२ नमुने आधी चाचणीसाठी घेतात, त्यातले किती वेगळे येतात ते पाहतात, आणि एका बिटासाठी किती नमुने मागायचे ते त्यावरून ठरवतात. काउंटर नसलेल्या जुन्या चिपवर मूळ दुखणं तसंच राहिलं. २०२२ मध्ये ५.१८ च्या तयारीत /डेव्ह/यूरँडमलाही गेटरँडमसारखं थांबायला लावायचा प्रयत्न झाला, तेव्हा काही जुन्या रचनांच्या चाचणी मशीनवर बूट अडलं आणि तो बदल परत घ्यावा लागला. आता /डेव्ह/यूरँडम वाचताना कर्नल ही डगमग गोळा करायचा प्रयत्न करतो, नाही जमलं तर इशारा देऊन पुढे जातो.

इतरांना ही कोंडी का सोसावी लागली नाही

ओपनबीएसडीकडे पाहिलं की फरक लगेच कळतो. तिथे बूटलोडरच बीज-फाईल वाचतो आणि कर्नलच्या हातात देतो. कर्नलची पहिली सूचना चालते तेव्हा विरजण आधीच पडलेलं असतं. त्यामुळे त्यांचा गेटएन्ट्रॉपी कॉल कधी थांबतच नाही. एका वेळी २५६ बाइटांची मर्यादा आहे, आणि ती मुद्दाम आहे: हा कॉल बीज घेण्यासाठी आहे, टोपलीभर बाइट उपसण्यासाठी नाही. बाइट हवेत तर आर्कफोररँडम वापरायचं, जे २०१४ पासून चाचा२० वर चालतं.

विंडोजमध्येही बूटलोडर सुरुवातीचं बीज जमवून कर्नलला देतो. रजिस्ट्रीत जपलेलं बीज, टीपीएम चिप, प्रोसेसरच्या सूचना, असे अनेक झरे एकत्र करून. फ्रीबीएसडी ११ पासून फॉर्चुना हा रँडम जनरेटर वापरतं, बीज मिळेपर्यंत थांबतं, आणि त्याचाही लोडर जपलेली एन्ट्रॉपी कर्नलला पोचवतो. मॅकओएसमध्ये हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर एकाच घरचं, त्यामुळे प्रश्न अजून सोपा.

यातली कुठलीही यंत्रणा लिनक्सपेक्षा हुशार गणित करत नव्हती. त्यांच्याकडे बूटची पूर्ण साखळी एका हातात होती. लिनक्सचा कर्नल एकाचा, बूटलोडर दुसऱ्याचा, सिस्टमडीसारखा इनिट तिसऱ्याचा, इमेज बनवणारा चौथाच. बीज नेमकं कुणी आणि केव्हा द्यायचं याचा करारच नव्हता. तो हळूहळू याच सुमारास होत गेला. सिस्टमडी २४३ मध्ये, तेही सप्टेंबर २०१९ चंच, बूटलोडरनं बीज देण्याची सोय आली. ५.४ मध्ये डिव्हाइस ट्रीतून (बूटलोडर कर्नलला देतो त्या हार्डवेअरच्या वर्णनातून) आलेल्या बीजाला जमा द्यायचा पर्याय आला.

मार्च २०२० च्या ५.६ मध्ये अँडी लुटोमिरस्की यांच्या बदलांनी /डेव्ह/रँडमचा जुना अडणारा साठा काढून टाकला. आता तीही एकदाच थांबते. त्याचबरोबर गेटरँडमला ‘इनसिक्युअर’ नावाचा फ्लॅग मिळाला: थांबू नकोस, असेल ते दे. नाव मुद्दाम टोचणारं ठेवलं आहे. कुकी आणि किल्ली यांना वेगळी दारं मिळाली ती इथे. रस्ट भाषेची मानक लायब्ररी हॅशमॅपच्या सुरुवातीच्या किल्ल्यांसाठी हाच फ्लॅग वापरते. हॅश टेबलला बूटच्या पहिल्या क्षणी पक्की गुप्तता लागत नाही. पायथननं हाच धडा आधीच घेतला होता. ३.५ च्या सुरुवातीच्या आवृत्त्या बूटमध्ये अडत होत्या. ३.६ पासून ओएस-यूरँडम थांबतं, पण इंटरप्रिटरचं स्वतःचं हॅश-बीज थांबत नाही.

मग वेगाचं काय

बीज मिळाल्यानंतरचा खर्च असतो तो कर्नलमध्ये जाऊन परत येण्याचा. चाचा२० चा एक ब्लॉक ६४ बाइटांचा. ५.१८ पासूनच्या रचनेत त्यातले पहिले ३२ लगेच नवी किल्ली म्हणून वापरले जातात, म्हणजे जुने बाइट मागाहून कुणाला काढता येऊ नयेत, आणि उरलेले ३२ मागणाऱ्याला मिळतात. ३२ बाइटांपर्यंत मागणी असेल तर एकच ब्लॉक पुरतो. तिथे सायफरपेक्षा ये-जाच महाग पडते. म्हणून लोक प्रोग्रॅममध्येच बाइट साठवून ठेवतात, आणि इथे नवी चूक जन्मते. फोर्क झाला, म्हणजे प्रोसेसनं आपलीच प्रत काढली, की साठ्याची प्रत दोघांकडे जाते आणि आई-मूल तेच आकडे वाटत बसतात. ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या लायब्ररीच्या १.१.१ मध्ये फोर्कपासूनचं संरक्षण डीफॉल्टनं चालूच नव्हतं. ते १.१.१डी मध्ये दुरुस्त झालं, हेही सप्टेंबर २०१९.

ग्लिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीच्या २.३६ च्या वेळी, २०२२ मध्ये, आर्कफोररँडमसाठी असाच प्रोग्रॅमच्या आतला चाचा२० साठा लिहून तयार होता. कर्नलचा रँडम कोड सांभाळणारे जेसन डोनेनफेल्ड यांनी हरकत घेतली: कर्नलचं बीज कधी बदललं हे प्रोग्रॅमला कळत नाही, व्हर्च्युअल मशीनची प्रत निघाली तर तेही कळत नाही. प्रकाशनाआधी तो साठा काढून थेट गेटरँडमला हाक मारायचं ठरलं. वेग गेला, बिनचूकपणा राहिला. वेग परत आला तो सप्टेंबर २०२४ च्या कर्नल ६.११ मध्ये. कर्नलनं आपलाच कोड व्हीडीएसओमार्फत (कर्नल प्रत्येक प्रोग्रॅमला जोडतो त्या छोट्या लायब्ररीमार्फत) प्रोग्रॅमच्या पत्त्यांत आणून ठेवला. साठ्याची मेमरी अशी की फोर्क झाला तर पुसली जाते, स्वॅपवर जात नाही, आणि मेमरी कमी पडली तर कर्नल ती टाकूनही देऊ शकतो. कर्नलनं नवं बीज घेतलं की एक क्रमांक बदलतो, आणि तो दिसताच जुना साठा बाद. ग्लिबसी २.४१ पासून गेटरँडमची साधी हाक या वाटेनं जाते.

आपल्या मशीनवर

पहिलं काम: कर्नलच्या नोंदींत ‘सीआरएनजी इनिट डन’ या ओळीपुढची वेळ पाहायची. दोन-तीन सेकंदांच्या आत असेल तर काही करायला नको. अर्धं-एक मिनिट असेल तर त्या मशीनवर बीजाचा झरा नाही.

जुन्या कर्नलवर बूट अडलं असेल तर कळा बडवू नका. प्रत्येक कळ साठ्यात बिट टाकते आणि कोंडी पुरावा न ठेवता सुटते. मॅजिक सिसरिकनं (कर्नलला थेट आज्ञा देण्याच्या सोयीनं) प्रोसेसची यादी काढताना ‘डब्ल्यू’ न घेता ‘टी’ घ्या. गेटरँडममधली झोप सिग्नलनं मोडता येणारी असते, आणि ‘डब्ल्यू’ फक्त न मोडता येणाऱ्या झोपेतल्या प्रोसेस दाखवतं. नेमका आरोपी त्यातून सुटतो.

व्हर्च्युअल मशीनला व्हर्टिओ-आरएनजी (यजमानाकडून रँडम बाइट आणणारं उपकरण) द्या, आणि यजमानाकडचा स्रोत /डेव्ह/यूरँडम ठेवा. जुन्या यजमानावर /डेव्ह/रँडम दिली तर एक पाहुणा इतरांना उपाशी ठेवतो. इमेज बंद करण्याआधी सिस्टमडीची बीज-फाईल, मशीन-आयडी आणि एसएसएचच्या यजमान-किल्ल्या पुसा. बीज-फाईलला जमा द्यायची सोय फक्त त्यानंतर, आणि फक्त क्लोन न होणाऱ्या मशीनवर चालू करा. ५.६ आणि पुढच्या कर्नलवर हॅवेज्ड हा एन्ट्रॉपी पुरवणारा प्रोग्रॅम ठेवण्याची गरज उरलेली नाही.

साठ्यातली शिल्लक दाखवणारी प्रॉकमधली फाईल ५.१८ पासून, आणि ते बदल मागे नेलेल्या दीर्घकालीन आवृत्त्यांत, कायम २५६ दाखवते. ‘१००० च्या खाली गेलं की घंटा वाजव’ अशी जुनी देखरेख असेल तर ती आता रात्रंदिवस खोटी वाजेल. ती काढून टाका.

स्वतःचा कोड असेल तर गेटरँडमचं उत्तर तपासा. साठा तयार झाल्यावर २५६ बाइटांपर्यंतची मागणी पूर्णच मिळते, त्याहून मोठी सिग्नल आल्यास अर्धवट येऊ शकते. कॉलच नसलेल्या फार जुन्या कर्नलवर सरळ /डेव्ह/यूरँडम उघडू नका. आधी /डेव्ह/रँडमवर पोल लावून ती वाचण्याजोगी होईपर्यंत थांबा, एक बाइटही न वाचता, आणि मग यूरँडमकडे जा. सिम्युलेशनसाठी कोट्यवधी आकडे हवे असतील तर कर्नलकडून ३२ बाइट घेऊन झोशिरो किंवा पीसीजी अशा जलद जनरेटरला बीज द्या, आणि ते बीज निकालासोबत नोंदवून ठेवा.

शेवटची चाचणी क्लोनची. एकाच इमेजपासून दोन मशीन एकाच वेळी उभी करा, दोन्हींवर पहिल्या बूटला बनलेल्या एसएसएच यजमान-किल्ल्यांचे ठसे शेजारी ठेवून पाहा. मग चालू मशीनचा स्नॅपशॉट घेऊन तो दोनदा जागवा आणि दोन्हीकडे ताबडतोब ३२ बाइट मागा. ५.१८ पासून कर्नल व्हीएमजेनआयडी (मशीनची प्रत जागी झाली की बदलणारा क्रमांक) बघून जागं झाल्याचं ओळखतो आणि बीज बदलतो, पण हायपरव्हायजरनं (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमनं) ते उपकरण पाहुण्याला दिलेलं असलं तरच.